कन्हेरीच्या ओसरीवरचं उघडं इंजिन

मी आज जो काही आहे तो कन्हेरीच्या आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे. आणि स्वतःच्या बाबतीत काहीही ठरवू न शकणारा त्यांच्यासारखा माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. चप्पल घ्यायला गेले तर दुकानातल्या गिऱ्हाइकांचा सल्ला घेतात आणि शेवटी जुनीच शिवून आणतात. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र तसं नाही. मी बारावी झालो तेव्हा मोरगावला आमच्या अंगणात स्कूटर लावून, चहा निवायच्या आत त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "आबा, पोरगं इंजिनिअरिंगला जाणार." आबा म्हणाले, "आन् शेरडं कोण राखंल?" "मी बघतो," म्हणून सर खरंच आमच्या शेळ्या टेम्पोत घालून घेऊन गेले. महिन्याभरात शेळ्यांनी शाळेची बाग संपवली. सरांनी तो प्रकार सातवीला 'प्राण्यांचा आहार' म्हणून शिकवून टाकला.

निवृत्तीनंतर सरांनी उजनीच्या काठावर चिखलातली जीपची शर्यत पाहिली आणि एक जुनी जीप आणली. इंजिन उतरवून ओसरीवर घेतलं, ताकद वाढवायची म्हणून आतलं सगळं नवं केलं आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, बसवायच्या वेळी अडले. ताकद वाढली की आतला दाब वाढतो. मग हेड घट्ट धरायला बोल्ट घालावेत की स्टड? बोल्ट थेट ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धडात, पिळून आवळायचा. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली दांडी. ती ब्लॉकमध्ये हातानं बसवायची आणि आवळायचा तो वरचा नट. यावर सर तीन वर्षं विचार करत होते.

रोज संध्याकाळी इंजिनाभोवती खुर्च्या लागायच्या. दिवाळीत मी गेलो तेव्हा माळेगावच्या कारखान्यावर ऊस वाहणारे एक तात्या सांगत होते, "सर, तुमी बोल्टच घाला. हेड तिरकं करून काढता येतंय. स्टड आसलं की सरळ वर उचलाय लागतंय, आन् जीपमदी वर जागा कुठं हाय?"

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"पण बोल्ट एवढा दाब धरेल का?" जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "स्टडच पाहिजेत."

"हेही बरोबर आहे."

आतून काकू ओरडल्या, "समद्यांचंच बरोबर हाय, मग मी पापड कुठं वाळवू? जीपवर?"

निघताना सर फाटकापर्यंत आले. "तू इंजिनाच्याच कारखान्यात आहेस. आता तूच सांग. तू म्हणशील ते पक्कं." मग हळूच म्हणाले, "घाई नाही."

त्या दोन शब्दांनी मी अडलो. उत्तर मला माहीत होतं. पण निवृत्त झाल्यापासून सरांकडे माणसं येत होती ती या उघड्या इंजिनापायी. हेड बसलं की खुर्च्या आत जाणार. आणि सरांना खोटं सांगणं मला कधीच जमलेलं नाही. फोनवर माणूस घाईनं बोलतो असं ते म्हणतात, म्हणून आठवड्यानं पत्र पाठवलं.

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

स्टड घाला. दाब जास्त आहे, स्टड तो सगळीकडून सारखा धरतील. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बोल्ट काढून घालून ब्लॉकचे आटे झिजतात. स्टड जागचा हलत नाही, नुसता नट निघतो. शर्यतीचं इंजिन दर मोसमात उघडून बघावंच लागतं. तात्या म्हणतात ती जागेची अडचण खरी आहे, म्हणून दर वेळी इंजिन खाली ओसरीवर घ्या, सगळ्यांना बोलवा आणि मगच उघडा. काकूंची परवानगी मी काढतो.

आवळायला मी येईन. उघडायलाही येईन.

आपला विद्यार्थी"