पाणी हलू नये म्हणून

सदर व्यक्ती स्त्री, अविवाहित, उंची बेताची, चष्मा कायमस्वरूपी. वैज्ञानिक संगणन विभागात डॉक्टरेटसाठी नोंदणीकृत. संशोधनाचा विषय : असमतल तळाच्या उथळ जलराशींच्या गतिकीचे संख्यात्मक प्रतिरूपण. म्हणजे ती संगणकात एक तळं सांभाळते, आणि ते तिचं ऐकत नाही.

खरं तळंही आहे. विभागाच्या मागे, तिच्या खिडकीतून दिसणारं. संगणकातलं त्याचीच प्रत, बारीक बारीक चौकोनांत कापलेली, प्रत्येक चौकोनात घोटभर पाणी. वारा सुटला की लाटा कशा उठतील, हे त्या प्रतीने सांगायचं. पण कामाला जुंपण्याआधी एक परीक्षा असते. वारा बंद, पाऊस बंद. अशा वेळी पाण्याने गप्प बसावं, एवढीच अपेक्षा.

पाणी गप्प बसेना. आधी काठाशी थरथर, मग तळाच्या मधल्या उंचवट्याभोवती संथ भोवरे. ती हनुवटी तळहातावर टेकवून बघत बसे. वाऱ्यावाचून फिरणारं ते पाणी इतकं देखणं होतं, की ही चूक आहे हे विसरायला होई. दुपारच्या पेंगुळल्या उजेडात बाहेरचं तळं काचेत उतरे, काचेतलं पडद्यावर, आणि मग भोवऱ्यात नेमकं कोण फिरतंय, हे तिला पटकन सांगता येत नसे.

"अगं, थोडं घर्षण वाढव," मार्गदर्शक म्हणाले. "आपोआप खाली बसेल."

"सर, मग वारा सुटल्यावरही ते उठणार नाही."

"प्रबंध सादर होईपर्यंत उठायचंय कुणाला?"

महिनाअखेर प्रबंधाची मुदत संपत होती. मग नोंदणी रद्द, आणि तिच्याबरोबर तळंही. तरी तिने घर्षणाला हात लावला नाही. हट्टीपणा आईकडून आला होता, असं वडील म्हणत. आई उलट म्हणे.

थोरल्या बहिणीचे यजमान रविवारी घरी डोकावत. "काय मेहुणीबाई, तळं काय म्हणतंय?"

"हलतंय, भावोजी."

"बरंय की! न हलणाऱ्याला डबकं म्हणतात."

एका रविवारी ते घरच्या खिडकीसाठी पडद्याची दांडी घेऊन आले होते. आईने खिडकी आतून मोजून पडदा शिवला होता. भावोजींनी बाहेरून मोजून दांडी आणली होती. पडदा दांडीला पुरेना, दांडी चौकटीत मावेना.

"मी नीट मोजलं होतं," आई म्हणाली.

"मीही नीटच मोजलं, आई. टेप माझ्या खिशातच आहे."

"टेपला कोण बोलतंय? मोजलंत कुठून?"

स्टूल धरून उभी असलेली ती एकदम हात सोडून आत गेली.

"अहो मेहुणीबाई, स्टूल!" भावोजी वरून ओरडले.

तिच्या तळ्यात पाण्याचा दाब चौकोनांच्या कडांवर मोजला जात होता आणि तळाचा उतार चौकोनांच्या मधोमध. दोन्ही मापं बिनचूक. पण दोघांनी एकमेकांना तोलून धरायचं, तर मोजायचं एकाच जागी. उरलेला केसभर फरक इतकी वर्षं वाऱ्याची नोकरी करत होता.

दुरुस्ती दोन-चार ओळींची निघाली. पाणी थांबलं. भोवरे निरोपही न घेता गेले. तिला थोडं ओकंबोकं वाटलं, पण तसं प्रबंधात लिहायची सोय नव्हती.

सादरीकरणात समिती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"व्हिडिओ अडकलाय का?" एका परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर, चालू आहे."

"मग काही होत का नाही?"

"वाराच नाहीये, सर."

मार्गदर्शक छत न्याहाळू लागले. तिने वारा सोडला. लाट पैलकाठावरून उठली, उंचवट्याला हलकेच वळसा घालून सावकाश अलीकडे आली.

सबब, मापनातील सुसंगतीविषयी केलेल्या मौलिक योगदानाबद्दल सदर व्यक्तीस पदवी बहाल करण्यात आली आहे.

घरचा पडदा अजून लागलेला नाही.