ओठावरची सावली

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी कूसबाईंचा पोटावर फिरणारा प्रोब थांबला. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर बाळाचा चेहरा उमटला होता: मातकट, झोपाळू, आणि वरच्या ओठात फट.

सोनोग्राफी करणाऱ्या या बाईंना सगळं हॉस्पिटल कूसबाई म्हणतं, कारण दिवसभर त्यांचं एकच पालुपद असतं: "जरा कूस बदला." घरी टोमॅटोसुद्धा त्या फिरवून बघितल्याशिवाय चिरत नाहीत, असं त्यांचा नवरा सांगतो. मशीन परत आलेल्या आवाजाच्या लहरींवरून चेहरा रचतं. वाटेत काही आडवं आलं, की मागचा भाग त्याला दिसत नाही आणि चित्रात खड्डा पडतो. म्हणून दोन बाजूंनी पाहिल्याशिवाय बाई भिंतीवरचा स्क्रीन लावत नाहीत. आज लावला. तपासणीला आलेल्या मुलीच्या आईने "नातवंडाचं तोंड आधी मला दाखवा" म्हणून गळ घातली आणि बाई विरघळल्या.

"ओठ फाटलाय ना?" मुलीने विचारलं.

"इतक्यात हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही," कूसबाई म्हणाल्या. "स्क्रीन लावायची घाई माझी. डाव्या कुशीवर वळा."

बाळ ढिम्म. मुलीला थंड पाणी पाजलं, पुन्हा निजवलं. तरी ढिम्म.

"कुणावर गेलंय हे?" बाईंनी विचारलं.

"जावयांवर," आई पुटपुटली. "त्यांनाही हाका मारून माझा घसा बसतो."

"आई, आत्ता तरी सोड त्यांना." मुलीला हसू फुटलं, पोट हललं आणि बाळाने तोंडासमोरची मूठ खाली घेतली.

बाईंनी चेहऱ्याचं चित्र घालवून साधं काळं-पांढरं लावलं. नाकाखालून प्रोब सावकाश सरकवला, मग दुसऱ्या बाजूने. ओठाची पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही तेच पाहिलं.

"ओठ नीट आहे," बाई म्हणाल्या. "मुठीची सावली पडली होती."

मुलगी तेव्हा रडली. बाईंनी जेल पुसायचे कागद पुढे केले. आईला हवा होता म्हणून चेहऱ्याचा फोटोही दिला, मूठ खाली असलेला.

उद्याची पहिली तपासणी पावणेनऊला आहे. भिंतीवरच्या स्क्रीनची वायर काढून बाईंनी खणात ठेवली आहे.