भारद्वाज दिसला का?

माझी झोटवाड्यात रोपांची नर्सरी आहे. रिकाम्या कुंडीत न पेरता काहीतरी उगवतंच, तसे आमच्या रविवारच्या मंडळात किस्से उगवतात. मंडळ म्हणजे जयपुरातली दहा-बारा मराठी माणसं. बँकवाले, विमावाले, फौजी आणि नववीत शाळा सोडलेला मी! सकाळी कानोत्याच्या बांधावर, म्हणजे धरणावर जायचं, पक्षी बघायचे, पोहे खायचे.

जोशीकाकूंचं येणं मात्र वेगळ्या कामासाठी. त्यांना फक्त भारद्वाज हवा. "माझ्या आईला दिसला आणि तिसऱ्या दिवशी माझं लग्न ठरलं. आता मुग्धासाठी मला दिसू दे!" मुग्धा म्हणजे त्यांची लेक, बत्तीस वर्षांची. पुण्याची सात स्थळं तिने परत पाठवलेली.

*

आमच्या मराठीची इथे फार गंमत होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी सिविल लाइन्समधल्या एक नव्या साहेबीणबाई नर्सरीत आल्या. मी बाहेर गेलेलो. त्यांनी आमच्या गोपालजी माळ्याला सांगितलं, "भैया, लिंब का पाला चाहिए."

हिंदीत पाला म्हणजे थंडीचं दहिवर! गोपालजी हात जोडून म्हणाला, "नींबू पे पाला? मैडमजी, चैत में पाला कहाँ!"

कडुनिंबाची डहाळी काही बाईंना मिळाली नाही. पण लिंबाचं रोप त्याने त्यांना विकलंच. माझ्या हाताखाली तयार झालाय गडी.

*

काकू एकदा शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "हमारे किचन में रोज चिमणी आती है!"

"आती है?" शेजारीण चकित. "हमने तो दीवार में लगवाई है."

"दीवार में?" काकू किंचाळल्या. "जिंदा?"

पंधरा दिवस काकूंनी तिच्याकडचा चहा घेतला नाही. शेवटी मुग्धाने तिच्या स्वयंपाकघरात नेऊन धूर ओढणारी चिमणी दाखवली, तेव्हा कुठे अबोला सुटला.

*

आमचे रघुनाथराव निवृत्त कर्नल. एका रविवारी बांधाजवळचं काटेरी कुंपण ओलांडताना त्यांची पँट तारेत अडकली. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. तेवढ्यात पेंडसे नावाचा बँकेतला नवा मॅनेजर दुर्बिणीतून बघत ओरडला, "अरे, तारेवर बघा! वेडा राघू!"

पुढच्या तारेवर तो हिरवा पक्षी खरंच बसला होता. कर्नलसाहेबांना तो कुठला दिसायला! तिथूनच गरजले, "कोण आहे रे तो?"

कर्नलीणबाई शांतपणे पोहे वाढत म्हणाल्या, "अहो, हुशार आहे मुलगा. आम्हाला ओळखायला दोन वर्षं लागली!"

*

मातकट रंगाचे, अखंड कलकलाट करणारे पक्षी आपल्याकडे सातभाई. आमचे ड्रायव्हर भवानीजी म्हणतात, "सात बहनें हैं जी." कर्नलसाहेब भावांवर ठाम.

निकाल काकूंनी दिला. "एवढं भांडतायत म्हणजे भाऊच. वाटणी चालली असेल!"

सगळे हसले. मी मोजले तर सहाच भरले. भवानीजी पटकन म्हणाले, "सातवीं की शादी हो गई होगी जी!"

पुन्हा हशा झाला. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "पाखरांचीसुद्धा होतात हो."

त्या दिवसापासून अख्खं मंडळ भारद्वाज शोधायला लागलं.

*

शोधायचं काय, ते मी सगळ्यांना पढवलं. अंग काळं, पंख तांबूस, डोळे लालभडक, आणि स्वारी झुडपात लपत चालणार. तरी काकूंनी एकदा लांबूनच हात जोडले. बघतो तर साधा कावळा!

"काकू," कर्नल म्हणाले, "हे पितर. जावयाची खिडकी पुढे!"

पण काकूंचा हात जोडायचा सराव चालूच. कोणी 'भारद्वाज' म्हणायचा अवकाश, आधी हात, मग नजर.

*

गेल्या थंडीतली गोष्ट. रविवारी कधी दहाच्या आत न उठणारी मुग्धा सकाळी सातला बांधावर हजर! धापा टाकत, विलायती बाभळीकडे बोट दाखवत म्हणाली, "आई… भारद्वाज!"

काकूंचे हात जोडले गेले. पोह्यांच्या ताटल्या खाली ठेवून आम्ही सगळे तिकडे धावलो. पेंडसेने दुर्बीण लावली.

"कुठे गं? कुठल्या फांदीवर?" काकू मान वर करून शोधत होत्या.

"वर नको बघूस, आई. मतलब… इकडे बघ."

बाभळीआडून एक उंच तरुण अवघडत पुढे आला. काळा स्वेटर, वर तांबूस जाकीट. रात्रभर झोप लागली नसावी, डोळे लालभडक.

"प्रणाम आंटीजी," तो वाकून म्हणाला. "मैं निखिल. निखिल भारद्वाज."

काकूंचे हात अजून जोडलेलेच होते.