अंथरलेली एक चटई

सभागृहाच्या खिडकीतून दिसले, की माझी सून पिलाटेस व्यायामाच्या चटया गुंडाळते आहे. माझा मुलगा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बसणारी ही मुलगी, इतरांच्या पाठी सरळ करता करता स्वतः उभी राहिली होती. सोसायटीच्या समितीने तिचे म्हणणे न ऐकताच तिचा वर्ग आजपासून बंद केला. माझ्या हरकतीच्या पत्रांना उत्तरही दिले नाही. भाडेकरूला काढायचे म्हटले तरी नोटीस द्यावी लागते; माणसाला त्याच्या जिवाच्या कामातून काढायला नुसता ठराव पुरतो.

मी आत गेलो. एक चटई अजून अंथरलेली होती.

"बाबा, खांदे बघा किती आवळलेत."

"मी न्यायालयात जाईन."

"जा. आधी बसा, श्वास सोडा."

मी बसलो. तिचा हात माझ्या पाठीवर आला. तिने त्यावर आपला सगळा भार टाकला, म्हणून मी पाठ ताठ ठेवली.