रेडकाचा चीक

वडिलांच्या तोंडाची चव गेली होती. साताऱ्याकडून येऊन बाजारात गोण्या वाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि आता सानपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या घशाखाली चमचाभर पेज उतरत नव्हती. एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "खरवस खावासा वाटतोय."

मी तसाच शिरवण्याला गेलो. तिथल्या जुन्या वस्तीत एक मावशी दोन म्हशी राखून होत्या. आमचं दूध त्यांच्याकडचंच. त्याच पहाटे त्यांची एक म्हैस व्याली होती. रेडकू गोणपाटावर पडलेलं, पाय थरथरत होते, उठून आचळापर्यंत जाणं त्याला जमत नव्हतं. मावशींनी चीक काढला होता, बाटलीने त्याला पाजणार होत्या.

"मावशी, हा मला द्या. वडिलांचं काही खरं नाही."

"पैला चीक त्याचा हाय. उद्याचा ने."

"उद्या त्यांना खावंसं वाटेल की नाही, कुणास ठाऊक."

मावशींनी एकदा रेडकाकडे बघितलं. मग सगळा चीक त्यांनी माझ्या डब्यात ओतला. रेडकाला संध्याकाळच्या धारेचं पाजू, म्हणाल्या.

बायकोने गूळ, वेलदोडा घालून खरवस केला. वडिलांनी दोन वड्या खाल्ल्या, बोटंसुद्धा चाटली. आम्हाला कोण आनंद झाला!

तिसऱ्या दिवशी दुधाला गेलो तर गोठ्यात गुरांचे डॉक्टर बसलेले. रेडकाला हगवण लागली होती, डोळे आत गेले होते.

"चीक कधी पाजला?" त्यांनी विचारलं.

मीच म्हणालो, "त्या दिवशी संध्याकाळी."

"उशीर झाला. जन्मल्यावर पहिले काही तासच यांचं आतडं चिकातली रोगाशी लढायची ताकद जशीच्या तशी रक्तात घेतं. मग ते मिटत जातं. आतड्याची वाढसुद्धा त्या चिकानेच नीट सुरू होते."

सलाईन लावूनही दुपारी रेडकू गेलं. म्हैस त्याला चाटतच होती. मी मावशींची माफी मागायला लागलो.

"मी दिला," त्या म्हणाल्या. "तू काय चोरून नाय नेला." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

घरी येऊन वडिलांना सांगायला नको होतं. पण त्यांनी "अजून मिळंल का रं थोडा?" असं विचारलं, आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं.

"मला इचारायचं तरी," ते म्हणाले. "गावाकडं आपल्या गोठ्यात आधी वासराचं पोट भरल्याबिगर चिकाला कुनी हात लावत नव्हतं."

त्यानंतर ते तीन आठवडे होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी खायला म्हणून काहीच मागितलं नाही.