रोबोच्या गळ्यातला हार

शुभदा कदम बसून कधी भांडायची नाही. भांडण आलं की खुर्ची मागे सारून उठायची, ओढणी कमरेला बांधायची, मग समोर मालक असला तरी त्याची खैर नसायची. गोरेगाव पूर्वेच्या आमच्या मिक्सरच्या कारखान्यात ती सेफ्टी बघायची, मी मेंटेनन्स. नवीन मशीन आलं की साहेबलोक त्याच्यासोबत फोटो काढायचे. ही आधी बायकांना तिथे उभं करायची. "हात पुरतो का? मान दुखते? मग खाली घ्या रे ते!"

जड मोटारी उचलून बायकांच्या हाती देणारा रोबो आला, तोही तिनेच भांडून आणवला. कुणाचा हात मध्ये आला की सेन्सर त्याला जागच्या जागी थांबवायचा. मालकांनी लगेच माहितीपत्रक छापलं: माणसाला जपणारा, वीज वाचवणारा आधुनिक कारखाना. शुभदाने ते माझ्या टेबलावर आपटलं. "आमची लाइनवरची वंदना कशी हसतेय बघ फोटोत. तिला बाथरूमला सोडत नाहीत, ते छापा ना!"

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. मालकांनी स्वतः रोबोला झेंडूचा जाडजूड हार घातला. दुसऱ्या दिवशी हार हलला की सेन्सरला तो हात वाटायचा आणि रोबो थांबायचा. कुणीही हार काढला असता. पण मालकांनी घातलेला पूजेचा हार सुकायच्या आत काढायचा कसा? म्हणून मॅनेजरने सेन्सरच बंद केला! आज लिहितानाही माझं डोकं फिरतं.

शुभदाला कळलं तेव्हा वंदना रोबोसमोर वाकून काम करत होती. शुभदाने लाल बटण दाबून लाइन थांबवली, हार ओरबाडून काढला आणि मॅनेजरच्या अंगावर फेकला. "तुझा हात घाल आत, मग करते मी पूजा!"

सेन्सर त्याच दुपारी सुरू झाला. तिला मात्र पूजेचा अपमान केला म्हणून काढून टाकलं. एकाही साहेबाने तोंड उघडलं नाही. निर्लज्ज लेकाचे.

पुढच्या महिन्यात वंदनाचा हात खरंच मध्ये गेला. रोबो थांबला, साधं खरचटलंही नाही. मी आनंदाने शुभदाला फोन केला.

"थांबायलाच पाहिजे ना रे, त्यात काय सांगतोस?" ती खेकसली. "हात मध्ये गेलाच कसा तिचा? स्पीड वाढवलाय ना त्यांनी?"

वाढवला होता. आणि सेफ्टीला शुभदाच्या जागी अजून कुणालाच घेतलेलं नाही.