चिखलदऱ्याचा दगड

"हलू नका, भाऊ!" ती लांबून ओरडे, अन् एक डोळा मिटून माह्याकडं पाहे.

नागपूरच्या एका कॉलेजात मी भूगोलाचा चपराशी. पोरं मैदान मोजाले निघाले का लाल-पांढरा बांबू धरून समोर उभं राहाचं, हे माहं काम. शाळंत दुसरीपर्यंत अंगठे धरून उभा राहो, इथं बांबू धरून. मास्तर बदलले, सजा तीच राहिली.

बाकीचे पोरं नकाशावर अंदाजानं रेघ मारत. तुमीबी पाहिले असन तसे. ह्या पोरीच्या पेन्सिलीचं टोक मात्र बाभळीच्या काट्यावानी. मले खाज सुटली तरी म्हने, "तुमी हलले त माहं अख्खं नागपूर हलते, भाऊ."

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले चिखलदऱ्याची सहल होती. तिथं जाऊन अहवाल लिहा लागे, त्याबिगर डिग्री नाही. तिचा बाप तयार होईना. "तुमी संग राहता हे बाबाले सांगा," म्हनून तिनं मले घरी नेलं.

बापानं इचारलं, "तुमी कोन जी?"

"मी बांबू धरतो."

"पोरीचं लगन जुळून राहिलं. ती पहाडात काहून गेली होती, हे सोयऱ्यायले काय सांगू?"

"सांगा जी, भूगोल पाहाले गेली."

"अन् इथं भूगोल नाही काय?"

उत्तरं सुचले असते त चपराशी झालो असतो काय?

बापानं काही जाऊ देलं नाही; बस निघाली त्या सकाळी ती कॉलेजच्या फाटकापर्यंतच आली. "भाऊ, तिथला एक दगड आनजा. हातात धरून अहवाल लिहीन. सरानं घेतला त घेतला."

म्या टरबुजाएवढा आनला. येताना अख्ख्या रस्त्यानं बसमंधी मांडीवर घेऊन बसलो. दगड खिशात मावन एवढाबी चालते, हे मले कोनी सांगितलंच नाही. पोट्टे हासून हासून लोळले.

ती हासली नाही. दगड फिरवून फिरवून पाहिला. मंग हळूच म्हने, "भाऊ, हा त आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचाच दगड होय. तोच काळा, लाव्हाचा."

"म्हंजे म्या फुकटच वाहून आनला?"

तिचा हात दगडावरच होता. "नाही जी. तिथून इथपर्यंत एकच खडक हाय. मी रोज त्याच्यावरच चालून राहिली होती."

तिनं अहवाल लिहिला. सरानं पुरा वाचला, चष्मा काढून पुसला, अन् म्हने, "पोरी, नियम माह्या हाती नाही." परीक्षेच्या आधीच लगन लागलं. सावनेरले दिली. बसनं जा त जवळच, पन ती काही वापस आली नाही.

दगड आमच्या खात्यातच राहिला. उन्हाळ्यात वारा सुटला का दार धरून ठेवते. नवे सर म्हने, "हा धोंडा फेका ना बाहेर." म्या म्हटलं, "लई जड हाय जी, माह्यानं उचलत नाही."

मैदानात बांबू धरला का अजूनबी खाज सुटते. मी हलत नाही.